वाचकांचे प्रश्न : शेल्डन अ‍ॅडल्सन आणि कॅसिनो रिसॉर्टचा व्यवसाय

गेल्या अंकातील सिंगापूरच्या पर्यटनावरील लेखात मरिना बे सँड्स या तीन मनोऱ्यांच्या हॉटेलाचा आणि ते उभारणाऱ्या लास व्हेगास सँड्स कंपनीचे संस्थापक शेल्डन अ‍ॅडल्सन यांचा ओझरता उल्लेख होता. त्यावर सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून बरीच पत्रे आली. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. हॉटेलांना माल पुरवत असल्यामुळे प्रदर्शनांना जावे लागते. अ‍ॅडल्सन प्रदर्शनांच्या धंद्यातून कॅसिनोकडे वळले, असे एक वाक्य आपल्या लेखात आहे. जुगाराचा काहीच अनुभव नसलेला माणूस एवढा मोठा कॅसिनोमालक कसा झाला, हे सविस्तर सांगावे.
(एक टॉवेल उत्पादक, सोलापूर)

उत्तर : आपण प्रदर्शनात स्टॉल घेणारे आहात, त्यामुळे ही हकीकत आपल्याला इतरांपेक्षा लवकर उमगेल. अ‍ॅडल्सन यांच्या आयुष्याला कलाटणी मिळाली ती प्रदर्शनाच्या जागेच्या भाड्यातून.

त्यांचा जन्म ४ ऑगस्ट १९३३ रोजी बोस्टन शहराच्या डॉर्चेस्टर भागात एका गरीब ज्यू कुटुंबात झाला. वडील टॅक्सी चालवीत, तर आईचे विणकामाचे छोटे दुकान होते. बाराव्या वर्षी त्यांनी नात्यातल्या एका वडीलधाऱ्या माणसाकडून २०० डॉलर उसने घेऊन रस्त्याच्या कोपऱ्यावर वर्तमानपत्रे विकण्याचा परवाना मिळवला आणि सोळाव्या वर्षी गोळ्या-चॉकलेटची विक्रीयंत्रे लावली. न्यूयॉर्कमधले महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट सुटले, काही काळ सैन्यात गेला, आणि पुढची वीस-पंचवीस वर्षे प्रसाधनांचे संच, मोटारीच्या काचेवरचा बर्फ काढणारा फवारा, सहली, गुंतवणुकीचा सल्ला असे एकामागून एक व्यवसाय त्यांनी करून पाहिले. त्यांत पैसा आला तसा गेलाही. पंचेचाळिशी उलटेपर्यंत त्यांचा कॅसिनोच्या मालकीशी काही संबंध नव्हता, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात फारशी अधोरेखित केली जात नाही; मला मात्र ती फार महत्त्वाची वाटते.

१९७९ मध्ये त्यांनी भागीदारांसह लास व्हेगासमध्ये कॉम्डेक्स हे संगणकांचे प्रदर्शन भरवले. संगणक घराघरांत शिरण्याचा तो काळ होता, आणि काही वर्षांतच हे प्रदर्शन जगातल्या सर्वांत मोठ्या संगणक-प्रदर्शनांपैकी एक झाले. सभागृह घाऊक दराने भाड्याने घ्यायचे आणि त्यातले चौरस फूट कंपन्यांना कित्येक पट दराने द्यायचे, असा तो हिशेब होता. सोलापूरकरांना गड्ड्याच्या यात्रेचे उदाहरण पुरेसे आहे : पाळणेवाला, भांडीवाला, खेळणीवाला यांच्यापैकी कुणाचा हंगाम साधतो, कुणाचा बुडतो, पण होम मैदानावरच्या जागेचे भाडे आधीच ठरलेले आणि भरलेले असते.

कॉम्डेक्स चालवताना त्यांच्या आणखी एक गोष्ट ध्यानात आली. व्हेगासच्या जुन्या मालकांच्या लेखी हॉटेलची खोली आणि जेवण ही जुगाऱ्याला आत ओढण्याची साधने होती. ती स्वस्तात द्यायची आणि कमाई जुगाराच्या टेबलवर करायची, असा त्यांचा शिरस्ता होता. प्रदर्शनाला किंवा परिषदेला येणारा माणूस फारसा खेळत नाही, म्हणून त्याला ते कमी लेखत. अ‍ॅडल्सन यांनी पाहिले की हा माणूस सोमवार ते गुरुवार येतो, म्हणजे नेमका जुगारी आपापल्या घरी असतो तेव्हा. त्याचे बिल त्याची कंपनी भरते. त्यामुळे तो खोलीच्या दरासाठी घासाघीस करत नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी जुने सँड्स हॉटेल विकत घेतले आणि १९९० मध्ये त्याच्या शेजारी खासगी मालकीचे विशाल प्रदर्शन-केंद्र उघडले. १९९५ मध्ये कॉम्डेक्स आणि त्यासोबतची इतर प्रदर्शने त्यांनी मासायोशी सोन यांच्या सॉफ्टबँक या जपानी कंपनीला ८६ कोटी २० लाख डॉलरना विकली. दुसऱ्याच वर्षी जुने सँड्स सुरुंग लावून पाडले आणि त्या जागेवर मे १९९९ मध्ये, सुमारे दीड अब्ज डॉलर खर्चून, व्हेनिस शहराच्या धर्तीवरचे व्हेनेशियन उभे राहिले.

व्हेनेशियनचे कालवे आणि होड्या सगळ्यांना दिसतात. धंद्याच्या दृष्टीने खरी नवलाई खोल्यांत होती. सुमारे ३,००० खोल्या, त्या सगळ्या बैठकीच्या जागेसह प्रशस्त, आणि खोलीत फॅक्सचे यंत्र, कारण त्या खोलीत उतरणारा माणूस आपले दुकान सोबत घेऊन येणार, हे मालकाने गृहीत धरले होते. जाणकारांनी त्या वेळी नावे ठेवली. पाहुण्याला खोली इतकी आवडली तर तो खाली खेळायला कशाला येईल, असे त्यांचे म्हणणे होते. आज व्हेगासच्या मुख्य रस्त्यावरच्या मोठ्या कॅसिनोंचे निम्म्याहून अधिक उत्पन्न खोल्या, जेवण, कार्यक्रम आणि दुकाने यांतून येते, तेव्हा कोण बरोबर होते ते उघड आहे.

चीनच्या किनाऱ्यावरच्या मकावमध्ये गणित उलटे आहे, हेही सांगितले पाहिजे. १९६२ पासून तिथल्या जुगारावर स्टॅन्ले हो यांच्या कंपनीची मक्तेदारी होती. ती २००२ मध्ये संपली आणि नव्या परवान्यांच्या वाटपात अ‍ॅडल्सन यांच्या कंपनीलाही वाटा मिळाला. मे २००४ मध्ये सँड्स मकाव उघडले आणि त्यात घातलेले पैसे सुमारे वर्षभरात वसूल झाले. मग तैपा आणि कोलोआन या दोन बेटांमधल्या समुद्रात भराव घालून तयार झालेल्या जमिनीवर, जिला पुढे कोताई म्हणू लागले, त्यांनी ऑगस्ट २००७ मध्ये व्हेनेशियन मकाव उघडले. त्याआधीच, २००६ मध्ये, मकावच्या जुगाराचे उत्पन्न व्हेगासच्या मुख्य रस्त्याच्या पुढे गेले होते. मात्र इथला पैसा मुख्यतः टेबलवरचाच होता.

लगेच २००८ चे आर्थिक संकट आले. कर्जावर चाललेली बांधकामे अडकली, मकावमधली कामे थांबली, हजारो मजूर घरी गेले. २००७ च्या शरद ऋतूत १४० डॉलरच्या वर असलेला कंपनीचा समभाग मार्च २००९ मध्ये दोन डॉलरच्याही खाली उतरला. अ‍ॅडल्सन आणि त्यांच्या कुटुंबाने स्वतःचे सुमारे एक अब्ज डॉलर कंपनीत घातले आणि ती वाचवली. २०१० मध्ये मोशे सफदी यांनी आराखडा केलेले मरिना बे सँड्स सिंगापुरात उघडले आणि कंपनी पुन्हा उभी राहिली. ११ जानेवारी २०२१ रोजी वयाच्या ८७ व्या वर्षी अ‍ॅडल्सन वारले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत कंपनीने व्हेगासमधली मालमत्ता सव्वासहा अब्ज डॉलरना विकण्याचा करार जाहीर केला. ज्या शहरात नाव कमावले तिथून बाहेर पडून ती आता केवळ आशियात धंदा करते.

आपल्या कामाचा भाग म्हणून एवढे लक्षात घ्यावे. मोठ्या हॉटेलात एका खोलीमागे टॉवेलचे किमान तीन संच लागतात : एक वापरात, एक धुलाईत, एक कपाटात. ३,००० खोल्या आणि खोलीत दोन माणसे धरली, तर निव्वळ अंघोळीचे मोठे टॉवेल १८,००० झाले. हातपुसणी, पायपुसणी आणि पोहण्याच्या तलावाचे टॉवेल वेगळेच. असा खरेदीदार पहिल्या भावापेक्षा टॉवेल किती धुण्यांपर्यंत टिकतो, त्याचे जीएसएम (दर चौरस मीटरमागे ग्रॅममधले वजन) धुतल्यावरही तसेच राहते का, आणि दुसऱ्या खेपेचा पांढरा रंग पहिल्या खेपेशी जुळतो का, हे पाहतो. प्रदर्शनाला जाताना नव्या टॉवेलच्या बरोबरीने पन्नास वेळा धुतलेला टॉवेलही न्यावा.

प्रश्न : मी गणिताचा शिक्षक आहे. कॅसिनोत फसवणूक होते म्हणून तो श्रीमंत होतो, असे विद्यार्थी म्हणतात. फसवणूक न करता एवढी कमाई शक्य आहे का?
(एक शिक्षक, बार्शी)

उत्तर : शक्य आहे, आणि मोठ्या कंपन्यांना फसवणुकीची गरजच पडत नाही. परवाना गमावण्याची जोखीम घेण्याइतके त्यात काहीच नसते.

वर्गात रुलेटचे उदाहरण घ्यावे. युरोपीय पद्धतीच्या चाकावर ० ते ३६ असे ३७ आकडे असतात. आपण प्रत्येक आकड्यावर १०० रुपये लावले, असे समजू. एकूण ३,७०० रुपये झाले. चेंडू कोणत्या तरी एका आकड्यावर थांबणारच. त्या आकड्याला ३५ पट, म्हणजे ३,५०० रुपये मिळतात आणि त्यावर लावलेले १०० रुपये परत येतात. हाती ३,६०० उरतात. शंभर रुपये जुगारघराकडे गेले, म्हणजे लावलेल्या रकमेच्या २.७ टक्के. अमेरिकन चाकावर दोन शून्यांमुळे ३८ आकडे असतात आणि मोबदला मात्र तोच ३५ पट राहतो, त्यामुळे हाच वाटा ५.२६ टक्के होतो. मकावमधल्या लोकांचा आवडता खेळ म्हणजे बॅकरा हा पत्त्यांचा खेळ. त्यातल्या दोन बाजूंपैकी ‘बँकर’च्या बाजूने लावल्यास हा वाटा अवघा १.०६ टक्के असतो.

मुले म्हणतील, एक-दोन टक्क्यांनी काय होते? इथेच त्यांना थांबवावे. हे टक्के खिशातल्या पैशावर पडत नाहीत, फिरलेल्या पैशावर पडतात. दहा हजार रुपये घेऊन बसलेला माणूस एकेरी शून्याच्या रुलेटवर दर डावाला हजार रुपये लावत तासाला चाळीस डाव खेळला, तर त्याने चाळीस हजार रुपये फिरवले आणि सरासरीने १,०८० रुपये दिले. चार-पाच तास बसला तर निम्मे भांडवल गेले असे धरून चालावे. एखादा जिंकून उठतो, दुसरा पहिल्या अर्ध्या तासात रिकामा होतो. पण हजारो टेबले आणि लाखो डाव एकत्र धरले की सरासरी आपल्या जागेवरून फारशी हलत नाही. म्हणून कॅसिनोच्या व्यवस्थापकाचे सगळे लक्ष एका गोष्टीवर असते : माणूस किती वेळ बसतो आणि डाव किती वेगाने होतात. फुकट जेवण, फुकट खोली, घड्याळ नसलेली दालने ही सगळी त्या एका गोष्टीसाठी असते. खेळाडूला देण्याच्या मोफत खोलीचा हिशेबही त्याच्या अपेक्षित तोट्याच्या ठरावीक टक्क्यांत केलेला असतो. हे सूत्र विद्यार्थ्यांना एकदा स्वतः सोडवू द्यावे. शंभर उपदेशांचे काम त्याने होईल.

प्रश्न : कॅसिनो कंपन्यांचे सगळे मोठे अधिकारी मालकच असतात का? नोकरी करून कुणी तिथपर्यंत पोहोचते का?
(एक महाविद्यालयीन विद्यार्थी, सोलापूर)

उत्तर : दोन्ही प्रकारचे असतात. अ‍ॅडल्सन यांच्यानंतर कंपनीची धुरा ज्यांनी घेतली ते रॉबर्ट गोल्डस्टीन शिक्षणाने वकील होते आणि १९९५ पासून त्याच कंपनीत नोकरीला होते. या धंद्यात कायद्याचा आणि हिशेबाचा माणूस वर जातो, कारण परवाना हीच सर्वांत मोठी मालमत्ता असते.

मालकांमध्ये मला स्वतःला मलेशियाच्या लिम गोह तोंग यांची हकीकत अधिक भावते. चीनच्या फुजियान प्रांतातून १९३७ मध्ये ते मलायात आले, सुतारकाम शिकले आणि पुढे बांधकाम कंत्राटदार झाले. १९६४ मध्ये कॅमेरॉन हायलंड्सच्या थंड हवेत जलविद्युत प्रकल्पाचे काम करताना, राजधानी क्वालालंपूरच्या जवळ असे एखादे ठिकाण हवे, असे त्यांच्या मनात आले. त्यांनी डोंगर शोधला, जंगलातून शिखरापर्यंत रस्ता आपल्याच यंत्रांनी आणि माणसांनी काढला, आणि १९७१ मध्ये गेंटिंग हायलंड्सचे पहिले हॉटेल उघडले. कॅसिनोचा परवाना मिळाला १९६९ मध्ये, म्हणजे रस्त्याचे काम आधी सुरू झाले आणि जुगार नंतर आला. मलेशियातल्या मुस्लिम नागरिकांना त्या कॅसिनोत प्रवेश नाही, ही अट आजही आहे. सिंगापूरच्या सेंटोसा बेटावरचे दुसरे रिसॉर्ट याच गेंटिंग समूहाचे आहे.

प्रश्न : ज्याच्या संपत्तीचा पाया लोकांच्या हरण्यावर उभा आहे, अशा माणसाचे चरित्र आपल्यासारख्या नियतकालिकाने का छापावे? आमच्या ओळखीतल्या एका घराची पत्त्यांपायी झालेली दैना आम्ही पाहिली आहे.
(एक गृहिणी, सांगोला)

उत्तर : आपला आक्षेप मी मनापासून मान्य करतो, आणि म्हणूनच वरच्या उत्तरात टक्केवारी लपवली नाही. महाभारतातल्या द्यूतसभेपासून आपल्याकडे हा प्रश्न विचारला गेला आहे आणि प्रत्येक पिढीने तो विचारलाच पाहिजे. तरीही एखादा उद्योग नीट समजून घेणे आणि त्याचा गौरव करणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

अ‍ॅडल्सन यांच्या नावे जमेच्या बाजूइतकीच नोंदवण्यासारखी दुसरी बाजू आहे. व्हेनेशियन उघडले तेव्हा त्यांनी कामगार संघटनेला आत येऊ दिले नाही, आणि दारासमोरच्या पदपथावर निदर्शने करण्याचा कामगारांचा हक्क शेवटी न्यायालयाने मान्य केला. एका खेळाडूच्या संशयास्पद पैशाची माहिती वेळेवर न दिल्याच्या प्रकरणात २०१३ मध्ये कंपनीने खटला टाळण्यासाठी अमेरिकी सरकारला ४ कोटी ७० लाख डॉलर भरले. चीन आणि मकावमधल्या खर्चाच्या नोंदी नीट न ठेवल्याबद्दल २०१६ मध्ये तिला भांडवल बाजाराच्या नियामकाकडे आणखी ९० लाख डॉलर भरावे लागले. राजकीय पक्षाला त्यांनी दिलेल्या प्रचंड देणग्यांवरही टीका झाली. ऑनलाइन जुगाराला मात्र त्यांनी उघड आणि खर्चिक विरोध केला. लहान मुले आणि गरीब यांच्या हातात तो पडेल, असे ते म्हणत. त्यांच्या टीकाकारांच्या मते हा विरोध स्वतःचा धंदा राखण्यासाठी होता. हेतू कोणताही असो, मोबाइलवरच्या जुगाराने आपल्या खेड्यापाड्यांत काय केले ते आपण पाहिले आहे, आणि तो इशारा खरा ठरला असेच मला वाटते. त्यांच्या पत्नी मिरियम या अमली पदार्थांच्या व्यसनावर उपचार करणाऱ्या डॉक्टर आहेत, आणि या दांपत्याने अशा उपचारकेंद्रांना आणि वैद्यकीय संशोधनाला मोठा पैसा दिला, हेही नोंदवायला हवे.

आपल्या पत्रातल्या दुःखाच्या संदर्भात सिंगापूरने काय केले, ते मुद्दाम सांगतो. एप्रिल २००५ मध्ये तिथल्या सरकारने दोन कॅसिनोंना परवानगी देण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा देशात मोठा विरोध झाला होता. सरकारने काही अटी घातल्या. एकवीस वर्षांखालील कुणालाही आत प्रवेश नाही. परदेशी पाहुण्याला प्रवेश मोफत, पण सिंगापूरच्या नागरिकाला दिवसाला १०० सिंगापुरी डॉलर प्रवेशशुल्क, जे २०१९ मध्ये १५० करण्यात आले. मरिना बे सँड्सच्या एवढ्या मोठ्या बांधकामात खेळण्याच्या जागेला १५,००० चौरस मीटरची मर्यादा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पत्नी, पती, आई-वडील, मुले किंवा भावंडे जुगारविषयक राष्ट्रीय मंडळाकडे अर्ज करून आपल्या घरच्या माणसाला कॅसिनोच्या दारातच अडवू शकतात. चौकशी होते, दोन्ही बाजू ऐकल्या जातात आणि आदेश निघाला की त्या माणसाला ओळखपत्र दाखवल्यावर आत सोडत नाहीत. घरातल्या बाईच्या म्हणण्याला कायद्याचे बळ देणारी ही तरतूद आहे. जिथे जिथे कॅसिनोला परवाना आहे, गोव्यासह, तिथे ती असायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : महाराष्ट्रात कॅसिनो कायदेशीर होणार, असे मध्यंतरी ऐकले होते. खरे काय?
(एक वाचक, पंढरपूर)

उत्तर : होणार नाही. महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोंचे नियंत्रण आणि कर यांविषयीचा कायदा केला होता, पण तो कधीच अमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये विधिमंडळाने तो रद्दच केला. गोव्यात १९७६ च्या कायद्यात १९९२ मध्ये बदल करून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळांना, आणि १९९६ मध्ये जहाजांवर टेबलवरच्या खेळांनाही वाट करून देण्यात आली. सिक्कीमने २००२ मध्ये स्वतंत्र कायदा केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर संसदेने २०२५ मध्ये देशभर बंदी घातली आहे, त्यामुळे मोबाइलवर येणाऱ्या ‘परवानाधारक’ म्हणवणाऱ्या दुव्यांवर कुणीही विश्वास ठेवू नये.

प्रश्न : माझ्या मुलाने हॉटेल मॅनेजमेंट पूर्ण केले आहे. गोव्यातल्या एका कॅसिनोच्या जहाजावर त्याला नोकरी मिळते आहे, आणि ‘दोन वर्षांनी मकाव किंवा कंबोडियाला पाठवू’ असे एक एजंट सांगतो. त्याच्या वडिलांना हे मुळीच पसंत नाही. पाहुण्यांत काय सांगायचे, असे ते विचारतात. मुलगा ऐकायला तयार नाही. मी कुणाची बाजू घ्यावी?
(एक आई, सोलापूर)

उत्तर : ताई, आधी एजंटविषयी सांगतो, कारण ते सर्वांत निकडीचे आहे. मकावमध्ये टेबलवरच्या डीलरची, म्हणजे डाव चालवणाऱ्याची, नोकरी तिथल्या रहिवाशांसाठी राखीव आहे. बाहेरच्या माणसाला ती मिळत नाही. कंबोडिया, म्यानमार, लाओस इथे नोकरीच्या आमिषाने नेलेल्या भारतीय तरुणांना डांबून त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणुकीची कामे करून घेतल्याची प्रकरणे घडली आहेत आणि आपल्या सरकारने त्याबद्दल वारंवार इशारे दिले आहेत. परदेशी पाठवणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदलेला आहे का, हे मुलाला स्वतः तपासायला सांगावे. नोंद नसेल तर पासपोर्टची प्रतसुद्धा देऊ नये.

आता गोव्याविषयी. ही नोकरी कायदेशीर आहे आणि तिच्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, हे मुलाच्या वडिलांना माझ्या वतीने नम्रपणे सांगावे. मात्र कोणत्या खात्यात नोकरी आहे, यावर पुढचे सारे अवलंबून आहे. टेबलवरचा डीलर कसे काम करतो ते पाहिले की कल्पना येईल. तो चिप्स (पैशांऐवजी वापरायच्या चकत्या) वीस-वीसच्या सारख्या गठ्ठ्यांत मांडतो, एकाच झटक्यात त्या पसरून कॅमेऱ्याला दाखवतो, पैसे खेळाडूच्या हातातून थेट घेत नाही, आणि पाळी संपून टेबल सोडताना दोन्ही तळहात एकमेकांवर घासून उलटसुलट करून दाखवतो, म्हणजे हातात काही लपलेले नाही याची खात्री वर बसलेल्या देखरेखीच्या माणसांना होते. हे कौशल्याचे काम आहे, पण रात्रपाळीचे, तासन्‌तास उभ्याने करण्याचे आणि समोरच्या माणसाचे हरणे रोज जवळून पाहण्याचे आहे. त्या वाटेने पुढे पिट बॉस (काही टेबलांवर देखरेख करणारा), शिफ्ट मॅनेजर अशा जागा मिळतात. तिथून हॉटेलच्या मुख्य व्यवस्थापनात जाणे अवघड होते, कारण बाकी धंद्याची ओळखच झालेली नसते.

माझा सल्ला असा की मुलाने याच कंपनीत किंवा गोव्यातल्या दुसऱ्या मोठ्या हॉटेलात खोल्यांच्या, मेजवान्या-परिषदांच्या किंवा दर ठरवण्याच्या खात्यात जागा मागावी. अ‍ॅडल्सन यांचा धंदा ज्या भागावर उभा राहिला तो हाच. तिथे रोज रात्री एक हिशेब होतो : हॉटेलात १०० खोल्या, त्यांतल्या ७० भरल्या, सरासरी दर ३,००० रुपये, म्हणजे उत्पन्न २,१०,००० आणि रिकाम्या धरून प्रत्येक खोलीमागे २,१००. उद्या ३,००० ऐवजी २,६०० दर ठेवला आणि ८५ खोल्या भरल्या तर खोलीमागे २,२१० होतात. पण १५ जादा खोल्यांच्या धुलाईचा, न्याहरीचा आणि माणसांचा खर्च वजा करून ते परवडते का, हे ठरवावे लागते. हा निर्णय जो बिनचूक घेऊ लागतो, त्याला सोलापुरातले हॉटेल असो, पुण्यातले असो की सिंगापुरातले, कुठेही मागणी राहते. सिंगापुरात कॅसिनोच्या कामासाठी कर्मचाऱ्याला सरकारी परवाना लागतो आणि त्यासाठी पूर्ववृत्त तपासले जाते, म्हणून सुरुवातीपासून कर्ज, उधारी आणि पोलीस नोंद यांबाबत स्वच्छ राहणे त्याच्याच हिताचे आहे.

नेमणुकीच्या पत्रात खाते, मूळ पगार, भविष्यनिर्वाह निधी, रात्रपाळीची व्यवस्था आणि राहण्याची सोय लिहून घ्यावी. ‘सर्व्हिस चार्जमधून मिळेल’ हे तोंडी आश्वासन पगारात धरू नये. आणि मुलाकडून एकच वचन घ्यावे : आपल्या कॅसिनोत कर्मचाऱ्याला खेळू देत नाहीतच, पण सुट्टीच्या दिवशी दुसऱ्याच्या कॅसिनोतही त्याने बसायचे नाही. त्याच्या वडिलांना मुलगा काय करतो हे पाहायचे असेल, तर सोलापूरहून गोव्याला आता विमान जाते. त्यांनी एकदा स्वतः जाऊन तिथल्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांना भेटावे आणि पत्रावर सही त्यानंतर करावी.